कनकय्या मामांची लसूणवेल

कनकय्या मामांनी ऐन बहरातली जुई मुळासकट उपटली, आणि कारण काय, तर तिला वास चांगला येत होता.

हे कारण मी कुणाकडून ऐकलेलं नाही, खुद्द त्यांच्या तोंडचं आहे. आम्ही तेव्हा सोलापुरात, साखर पेठेत एका घराच्या माडीवर भाड्यानं राहायचो. माडीला लागून गच्ची, आणि कठड्यावरून खाली डोकावलं की शेजारच्या मामांचं परस. सकाळी कपडे वाळत घालायला गेले, तर मामा धोतर वर खोचून जुईच्या बुडात कुदळ घालत होते. प्रत्येक घावासरशी पांढरीशुभ्र फुलं त्यांच्या टकलावर, खांद्यांवर पडत होती. मोठ्या समारंभात कुणी सत्कार करावा तशी.

"मामा, अहो! कीड लागली का तिला?"

"कीड कशाला लागंल? एकदम फस्क्लास आहे."

"मग?"

"वास येतोय ना!"

"घाण येतोय?"

"चांगला येतोय. तेच तर!" आणि घातला पुढचा घाव.

ती जुई त्यांच्या बायकोच्या हातची होती. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. संध्याकाळपर्यंत पेठेत झालं, की कनकय्याचं डोकं फिरलं. मीही मान डोलावली. मीच काय ती शिकलेली होते ना तिथे.

आता तेव्हाच्या मला जरा बघून घ्या, म्हणजे पुढचं समजेल. वय बाविशीचं. करमाळ्याहून लग्न होऊन आलेली. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी., मुलींच्या शाळेत शिकवायला. रस्त्यानं चालताना झाडांची लॅटिन नावं पुटपुटायची मला सवय होती, आमचे हे म्हणायचे, "हिच्याबरोबर फिरायला जायचं म्हणजे झाडांची हजेरी घ्यायची." शिवाय डोक्यात रोज गजरा. साधासुधा नव्हे. अबोली, मोगरा, मधे मरवा, असा भरगच्च, की मी फळ्याकडे तोंड केलं की मागच्या बाकांना फळा दिसायचा नाही. त्या गजऱ्याखाली जेवढी जागा उरली होती तेवढ्यात माझी अक्कल राहत होती.

मामा चादरीच्या एका कारखान्यात डिझायनर होते. सोलापुरी चादरीवर मोर, कमळं, वेलबुट्टी दिसते ना, ती आधी चौकटीच्या कागदावर काढावी लागते, एकेक चौकट रंगवून. मग तिची कार्डं पंच होतात, ती मागावर चढतात. हे चौकटी रंगवायचं काम मामांचं. काटकुळे, उंच, कपाळावर गंध, कानावर पेन्सिल. ती पेन्सिल आंघोळीला जातानाही निघत नसे, असं लोक म्हणत. तेलुगू घरातले, पण बोलणं अस्सल सोलापुरी, मधूनमधून तेलुगूची फोडणी.

या माणसाला जगात सगळीकडे चौकटी दिसायच्या. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली की आधी वेढे तपासायचे आणि वाढप्याला म्हणायचे, "हे डिझाइनमदी बसत नाही बगा." हे त्यांचं पालुपद होतं. नगरपालिकेचा नळ, नवा कायदा, आमच्या ह्यांच्या मिशा, काहीही त्यांच्या डिझाइनमध्ये बसायचं नाही. बायकांनी तर त्यांची दहशतच घेतली होती. मामा समोरून आले की बायका पदर घट्ट धरायच्या. कारण मामा सरळ पदराचं टोक उचलून उलटी बाजू बघायचे. "वरून सगळेच गोड दिसतात, टीचरम्मा. धागा मागं कुटं नेलाय ते बगायचं."

माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी टीचरम्मा ठेवलं. मला ते फार आवडलं. म्हणजे चढलं.

मामांच्या घरात दोनच माणसं, मामा आणि त्यांची मुलगी ललिता. ललिता माझ्याच वयाची. लग्न होऊन गेली, आणि दोन वर्षांत नवरा तापानं गेल्यावर परत आली. मागच्या पडवीत चरखा मांडून ती मागवाल्यांसाठी कांड्या भरायची, म्हणजे सूत गुंडाळून द्यायची. पडवीसमोर परस, आणि परसापलीकडे शेजारच्या मागाच्या शेडची उंच, काळी दगडी भिंत. दक्षिणेला ती भिंत असल्यानं परसात ऊन म्हणून कधी उतरायचं नाही. एका कोपऱ्यात काय तो कवडसा पडायचा, तिथेच ती जुई होती.

ललिता परत आल्यावर पहिल्यांदाच जुई फुलली आणि तिनं चरखा उचलून आतल्या खोलीत नेला. आतली खोली कसली, भर दुपारी बल्ब लावावा लागायचा. तिथे बसून ती डोळे चोळत सूत जोडायची. बाहेर येईना. मामा दिवसातून कितीदा तरी त्या दारात जाऊन उभे राहायचे आणि काहीतरी तेलुगूत पुटपुटून परत फिरायचे. मी हे गच्चीवरून बघत होते. जुई फुललेली बघितली, चरखा आत गेलेला बघितला, जुई उपटलेली बघितली. या तिन्हीचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं माझ्या बी.एस्सी.च्या डोक्यात आलं नाही.

आठ-दहा दिवसांनी मामा माझ्याकडे आले. हातात चौकटीच्या कागदाची गुंडाळी.

"टीचरम्मा, तुमी झाडाचं शिकलात ना?"

मी पदर सारखा करून खुर्चीत ताठ बसले. "विचारा."

"त्या काळ्या भितीवर वेल पाहिजे. सावलीत जगली पाहिजे. बारा महिने हिरवी पाहिजे. आणि फूल आलं पाहिजे. भरपूर."

हा तर माझा विषय! मी लगेच सायलीचं नाव घेतलं. "सावली मानवते हो तिला. फुलं तर काय नाजूक!"

"वास?"

"स्वर्गीय."

"वद्दू," मामा म्हणाले. वद्दू म्हणजे तेलुगूत नको.

"बरं, कृष्णकमळ. निळं-जांभळं, ऐटबाज."

"देवाला चालतंय?"

"नावातच कृष्ण आहे, मामा!"

"वद्दू."

"गोकर्ण?"

"शंकराला घालतात. वद्दू."

"मधुमालती?"

"पोरी वेणी करून डोक्यात घालतात. वद्दू, वद्दू."

मी घाम पुसला. "म्हणजे फूल तर पाहिजे, पण वास नको, देवाला चालायला नको, डोक्यात माळता यायला नको. थोडक्यात तुम्हाला एक निरुपयोगी फूल पाहिजे."

मामांचा चेहरा उजळला. "आं! निरुपयोगी! तुमी शिकलेली माणसं, बरोबर शब्द काढता बगा."

असलं गिऱ्हाईक मी जन्मात बघितलं नव्हतं. रात्रभर विचार करून मी निदान केलं: मामांना परागकणांची ॲलर्जी आहे. दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन त्यांना परागकण या विषयावर, रुमालावर आकृती काढून, तासभर समजावलं. फुलाजवळ शिंका येतात का, डोळ्यांना पाणी येतं का, विचारलं. मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "डोळ्याला पाणी येतंय, टीचरम्मा. पण ते तुमच्या परागानं नाही."

मी जाताना त्यांना तुळशीचा काढा घ्यायला सांगितला. काय बोलावं माझ्याबद्दल!

वेलीचा अजून पत्ता नव्हता, पण मामा थांबणार थोडेच. विणकर माणूस, आधी उभा ताणा, मग आडवा बाणा. त्यांनी भिंतीत वर-खाली ओळीनं खिळे ठोकले आणि सुताचे उभे धागे ताणून बांधले. असे सरळ, की हात लावला तर सतारीसारखे वाजतील. माग लावायचा तसाच सगळा सरंजाम. आणि मागाच्या सुताला ताठपणा यावा म्हणून खळ देतात ना, तशी त्यांनी यालाही मैद्याची झकास खळ दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीतल्या खाजाबीची बकरी परसात शिरली आणि हात पोचेल तिथपर्यंतचा, म्हणजे तोंड पोचेल तिथपर्यंतचा, सगळा ताणा खाऊन ढेकर देत बसली. मामांनी बकरीचा कान धरून तिला खाजाबीच्या दारात नेलं.

"बाई, ही बगा तुमची बकरी. माजं अख्खं डिझाइन खाल्लं हिनं!"

खाजाबी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मामा, मेरी बकरी कू क्या मालूम डिझान क्या होता? तुमनेच दिवाल कू खाना लगाके रक्के, वो बिचारी जनावर, दावत समजी!"

"दावत?"

"होर नई तो क्या! मैदा डाले, घट पकाये, दोरी पो लगाये. मैं बी खा लेती थी."

मामा बकरीचा कान सोडून हसू लागले. मामांना मी हसताना प्रथमच बघत होते. परत येऊन त्यांनी नवा ताणा लावला, बिनखळीचा, आणि त्यांच्या अटींत आणखी एक अट वाढली: बकरीनं तोंड लावता कामा नये.

आता हे असलं झाड देवानं निर्माण केलं असेल, यावर माझा विश्वास नव्हता. पण आमचे हे रेल्वेच्या बुकिंगला होते. एकदा जेवताना सहज म्हणाले, "होटगीला एका गार्डसाहेबांच्या क्वार्टरवर कसलीशी वेल आहे. जांभळी फुलं येतात, पण पान चुरगाळलं की लसणाचा वास. त्यांच्या बाईसाहेब त्या वेलीला रोज शिव्या घालतात."

मी घास टाकून खाली पळाले. रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी आणि मामा होटगीला.

क्वार्टरच्या उत्तरेच्या भिंतीवर, कडुनिंबाच्या दाट सावलीत ती वेल पसरली होती. पानं काळपट हिरवी, तेलाचा हात फिरवल्यासारखी. फुलांचे दिवस नव्हते. गार्डीणबाई दारातच भेटल्या. ठसठशीत बाई, हातात केरसुणी.

"ही व्हय?" त्या म्हणाल्या. "न्या की! मुळासकट न्या. लई वैताग आणलाय बगा हिनं."

"का वो, बाई?" मामा एक पाऊल पुढे झाले.

"फुलं येत्यात ढिगानं, पण करायचं काय त्येंचं? देवाला घालावं तर लसणाच्या झाडाचं. आमच्या सासूबाईंनी परडीच भिरकावली."

"देवाला चालत नाही!" मामा माझ्याकडे बघून म्हणाले.

"डोस्क्यात घालावं तर कोन घालतंय? फोडनी दिल्यागत वाटायचं."

"डोक्यात घालत नाहीत!"

"आन् म्हसरंबी तोंड लावंनात. शेरडूबी नुसतं हुंगून फुडं जातंय."

"शेरडू म्हणजे?" मामांनी मला हळूच विचारलं.

"बकरी."

मामांनी डोळे मिटले. दोन्ही हात जोडले. मग एक पान खुडलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं, आणि एवढ्यांदा ओरडले, की फलाटावरचा हमाल धावत आला. "लसूण! टीचरम्मा, लसूण!"

गार्डीणबाई चार पावलं मागं सरकल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, ह्ये पावणं बरं हाईत न्हवं?"

बाईंनी त्या वेलीचे जेवढे दोष सांगितले, तेवढा मामांचा चेहरा फुलत गेला. सोयरिकीत मुलीचे गुण ऐकून तोंड वाकडं करणारे मी पुष्कळ बघितले होते. अवगुण ऐकून सुपारी फोडायला निघालेला हा पहिलाच.

परतीच्या गाडीत मामा ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या फांद्या मांडीवर घेऊन बसले होते. तान्हं मूल धरावं तसे. मी त्यांच्यासमोर, नेहमीचा गजरा घालून. मला राहवेना.

"मामा, एक विचारू? देवाला नको, डोक्यात नको, वास नको. मग हा खटाटोप कशाला?"

मामांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "जुई फुलली त्या सकाळी पोरगी चरखा उचलून आत गेली. म्हणली, नायना, हे माज्यासमोर नको. फूलवाली बाई येती ना पेठेत? आदी आमच्या दारात थांबून हाक मारायची, ललिताम्मा, ललिताम्मा. आता आमचं दार आलं की गप्प होती आणि पुडच्या दारात जाऊन हाक मारती. तिची काय चूक? ती रीतीनं वागती."

गाडी रूळ बदलताना खडखडली. मामांनी गोणपाट सावरलं.

"मी जुई काढली. पण मग पोरीनं बाहेर येऊन बगायचं काय? काळी भित? म्हणून म्हटलं, असं फूल आणू, जे कुणाच्याच डोक्यात जात नाही. सवाष्णीच्या नाही, कुमारिकेच्या नाही, देवाच्या पण नाही. जे कुणालाच चालत नाही, ते हिला चालत नाही, असं कोण म्हणणार?"

मामांच्या कपाळावरचं गंध त्या सकाळीही ताजं होतं. बायको गेल्यावर ते कुणी पुसलं नव्हतं, पुसायला सांगितलंही नव्हतं. हे मला आज सुचतंय. तेव्हा एवढंच झालं, की माझ्या डोक्यावरचा तो गजरा एकाएकी शेरभर जड झाला. काढावा तर मामांना कळेल, ठेवावा तर मान वर होईना. सोलापूर येईपर्यंत मी तशीच, नवी नवरी बसते तशी, खाली मान घालून बसले. आयुष्यात पहिल्यांदा एका झाडाकडे बघून मला त्याचं लॅटिन नाव सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलायची छाती नव्हती.

वेल लावली. ललितानं दारातून बापाला विचारलं, "नायना, काय लावलं?"

"लसूण," मामा म्हणाले. एक शब्द खोटा नाही!

मग मात्र ललिता अधूनमधून बाहेर यायला लागली. लसणाला कोण घाबरतं? तांदळाचं धुवण त्या वेलीच्या बुडात ओतायची. पुढं पानं मोठी झाली तशी दोन-चार खुडून शेंगदाण्याच्या चटणीत कुटायची. वाटीभर चटणी मला गच्चीवर दोरीनं वर पाठवायची. पण चरखा आतच. पाणी घातलं, पानं खुडली, की परत त्या बल्बाखाली.

आणि मामा! मामांनी चौकटीच्या कागदावर भिंतीएवढ्या मोराचं डिझाइन काढलं होतं. कुठली फांदी कुठल्या धाग्यावर, कुठल्या चौकटीत फूल, सगळं ठरलेलं. रोज सकाळी कागद हातात घेऊन वेलीला शिकवणी. "हां, आता डावीकडं. डावीकडं म्हटलं ना, अम्मा! तितं मोराची मान आहे." वेल उजवीकडे जायची. मामा तिला विणकराच्या गाठीनं डावीकडे बांधायचे. दोन दिवसांनी ती गाठीला वळसा घालून पुन्हा उजवीकडे. एवढी वर्षं सूत मामांच्या शब्दाबाहेर गेलं नव्हतं. हे सूत जिवंत होतं, ही भानगड त्यांच्या हिशेबात नव्हती.

शेवटी मामांनी कागद बदलला. मोराचा हत्ती झाला. हत्तीची सोंड भलतीकडे गेली, तेव्हा त्याचं जहाज झालं. जहाजही जमेना, तेव्हा मी एक दिवस विचारलं, "मामा, आता काय काढलंय?"

"समुद्र," मामा म्हणाले. "तो कसा पण चालतोय."

पहिलं वर्ष गेलं, फूल नाही. वेल शेडच्या निम्म्यापर्यंत चढली, पानांनी काळा दगड झाकला, पण कळीचं नाव नाही. पेठेत चेष्टा सुरू झाली. "मामा, औंदा लसूण काय भाव?" "मामा, जरा भिंत उतरून द्या, आमटी करायचीय." मामा ऐकून घ्यायचे. पण ललिताचे डोळे लाल राहायला लागले होते. सुताचा धागा जोडताना चुकायची. कांड्या परत यायला लागल्या. कधीही चूक न करणाऱ्या पोरीच्या कांड्या परत आल्या, की मामा त्या स्वतः रात्रीतून उलगडून पुन्हा भरायचे.

दुसरा उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा. नळाला पाणी एक दिवसाआड. पेठेतल्या तुळशींच्या काड्या झाल्या. मी माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांना, शास्त्रोक्त पद्धतीनं वाढवलेल्या माझ्या कुंड्यांना, एकेक करून निरोप दिला. आणि खाली त्या सावलीच्या भिंतीवर ती वेल हिरवीगार, पान न मिटता उभी. मी दुपारी कठड्यावर हनुवटी टेकून नुसती बघत राहायची. सगळं गाव तव्यावर भाजत असताना, ऊन जिथे पाऊल टाकत नव्हतं तेवढीच एक जागा गार होती. ज्या सावलीला आम्ही सगळे नावं ठेवत होतो, ती त्या वेलीनं अंगभर पांघरली होती.

पावसाळा सरला. दसऱ्याच्या पुढेमागे एका सकाळी मामा जिन्यानं धडधडत वर आले. कानावर पेन्सिल नव्हती. मला खुणेनंच गच्चीवर नेलं.

मी खाली बघितलं, आणि ओल्या कपड्यांची बादली माझ्या हातातून कधी खाली टेकली, मला कळलं नाही.

भिंत नव्हतीच. घोसच्या घोस, वरपासून खालपर्यंत, जांभळे. आणि नुसते जांभळे नव्हेत. आजचं फूल गर्द जांभळं, कालचं फिकट गुलाबी, परवाचं जवळजवळ पांढरं, आणि तिन्ही एकाच घोसात. उजेड बाहेरून येत नव्हता, त्या सावलीतूनच निघत होता. वारा आला की सगळी भिंत खालपासून वरपर्यंत श्वास घेतल्यासारखी हलायची. मी झाडं शिकले होते, शिकवत होते, पण झाडापुढे अवाक मी त्या दिवशी झाले.

"एका कांडीत तीन रंग," मामा कुजबुजले. "टीचरम्मा, हे मी काडलं नाही. हे कुणीच काडलं नाही."

"ललितानं बघितलं?"

"अजून नाही."

आणि आम्ही दोघं कठड्यामागे खाली बसलो, चोरासारखे. मामांनी माझं मनगट धरलं होतं. जुईच्या वेळी जे झालं तेच पुन्हा झालं तर पुढे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. आतल्या खोलीच्या पुढे त्या घरात दुसरी खोली नव्हती.

ललिता तांदळाच्या धुवणाचं भांडं घेऊन पडवीत आली. वर बघितलं. भांडं तसंच हातात. पाणी कलंडून तिच्या पायावर सांडत होतं, तिला भान नव्हतं. मग ती पुढे गेली. एक पान खुडलं, चुरगाळलं, हुंगलं. खात्री करून घेत होती, की हे तेच, चटणीतलं.

"नायना!" तिनं हाक मारली. घरात नायना नव्हते. नायना माझ्या शेजारी कठड्याला डोकं टेकून बसले होते. "नायना, बगा की! लसणाला फूल आलंय!"

आणि ती हसली. अगदी मोठ्यानं. लसणाला फूल, या गोष्टीचं तिला हसू आवरेना. मग आत गेली. मामांची पकड घट्ट झाली. ती चरखा घेऊन बाहेर आली, पडवीत मांडला, भिंतीकडे तोंड करून बसली, आणि चाक फिरायला लागलं.

भिंत बघायला सगळी पेठ लोटली. खाजाबी आली, बकरी बाहेर बांधून. "मामा, ये तो जन्नत है," म्हणाली. लोक मामांना डिझाइन विचारायचे. मामा कागद दाखवायचे, ज्यावर निळ्या रेघांशिवाय काही नव्हतं.

बहर ओसरायला लागला तेव्हाची एक दुपार. मी मामांकडे वाटी परत द्यायला गेले होते. पडवीत ललिता चरखा फिरवत होती, मामा एका बाजूला स्टुलावर. वाऱ्याची झुळूक आली, काही फुलं सुटली. त्यातलं एक तरंगत तरंगत आलं आणि ललिताच्या अंबाड्यावर नेमकं टेकलं. तिथेच राहिलं. जांभळं, टवटवीत.

मी सांगायला तोंड उघडलं. मामांनी बसल्या जागेवरून माझ्याकडे बघून मान हलवली. एवढीशी. मी तोंड मिटलं. ललिता सूत ओढत होती, धागा जोडत होती, मान इकडे तिकडे होत होती, आणि फूल पडत नव्हतं. मी उगीचच शाळेच्या गप्पा मारत बसले. मला वाटतं, मामा श्वासही बेतानंच घेत होते.

दिवेलागणीला ललितानं चरखा थांबवला. चहा ठेवते म्हणाली आणि उठली. घरात जायचं दार फार बुटकं होतं. त्या घरातलं प्रत्येक माणूस तिथे मान खाली घालूनच आत जायचं. ललिता दाराशी जराशी थांबली. मग मान ताठ ठेवून, गुडघ्यांत वाकून, अगदी सावकाश आत गेली.